सिऱ्होसिसमधील रक्तस्राव आणि टू-डी इको: आधी वेळ सांगा

सिऱ्होसिसच्या रुग्णाला अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव झाला, तर टू-डी इकोवरून त्याचे भवितव्य सांगता येते, हा याच स्तंभात मांडलेला दावा घाईचा आहे. सिऱ्होसिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार घटतो आणि दुबळे हृदयही पडद्यावर जोमदार दिसते. म्हणून इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ६० टक्के असणे हा दिलासा ठरत नाही.

रक्तस्रावात तर गोंधळ वाढतो. हृदय पुरेसे भरत नाही, नाडी धावते, हृदय भरतानाच्या ई आणि ए या लहरी इकोवर एकमेकींत मिसळतात. हृदय किती सैलावते याचे मोजमापच डळमळते. रक्तस्राव थांबवण्यासाठी टर्लिप्रेसिन हे औषध दिले की रक्तवाहिन्या आवळतात आणि भार उलटा वाढतो. रक्त चढवण्याआधीचा इको आणि दुसऱ्या दिवशीचा इको एकाच मापाने कसे वाचणार?

सहा आठवड्यांतील मृत्यूचा अंदाज यकृताच्या आजाराची तीव्रता मोजणाऱ्या चाइल्ड-प्यू आणि मेल्ड गुणांकांवरून बांधता येतोच. इकोने त्यात नेमकी काय भर पडते, ते दाखवायला हवे. इकोची खरी गरज टिप्सपूर्वी (यकृतातून रक्ताला पर्यायी वाट करून देणाऱ्या प्रक्रियेपूर्वी) असते, कारण त्यानंतर यकृताला वळसा घालून एकदम आलेले रक्त ताठर हृदयाला पेलत नाही. निवडक रुग्णांत टिप्स ७२ तासांच्या आत करायची असते, तेव्हा हा इको खाटेशेजारीच, विनाविलंब व्हायला हवा.