गावच्या शेणाचे इंधन आधी गावच्या गाड्यांना मिळावे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
कोल्हापूर.

विषय : शेण व शेतातील ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करून तो दूध संकलनाच्या गाड्यांना गावपातळीवर उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,

आम्ही राधानगरी व भुदरगड तालुक्यांतील दूध उत्पादक शेतकरी, महिला बचत गटांच्या सदस्या आणि दूध वाहतूक करणारे टेम्पोचालक हे निवेदन आपणांस सादर करीत आहोत.

आमच्याकडे दुधाचा टेम्पो सकाळ-संध्याकाळ फिरतो. त्याचा रस्ता आणि वेळ ठरलेली असते आणि मुक्कामाचे गावही बदलत नाही. त्यासाठी लागणारे डिझेल बाहेरून येते आणि त्याचा भार शेवटी दुधाच्या दरावरच पडतो. ज्या गोठ्यांतून हे दूध निघते, तिथले शेण मात्र उकिरड्यावर कुजते आणि त्यातला मिथेन हवेत जातो. हवामानाच्या दृष्टीने हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट घातक मानला जातो.

आमचा हिशेब साधा आहे. एका जनावराचे रोजचे शेण १० किलो धरले, तरी शेजारच्या चार-पाच गावांतील १,००० जनावरांचे १० टन शेण होते. एक टन बायो-सीएनजीला (शुद्ध करून दाबाने भरलेल्या गोबरगॅसला) सुमारे ५० टन शेण लागते, म्हणजे १० टनांतून रोज २०० किलो गॅस निघेल. लहान टेम्पो किलोमागे १५ किलोमीटर चालला, तर तेवढ्यात रोज ३,००० किलोमीटरची वाहतूक होते. रोज १०० किलोमीटर फिरणारे ३० टेम्पो गावच्याच इंधनावर चालतील. गळीत हंगामात परिसरातील साखर कारखान्यांचे प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ) मिळाले, तर गॅस आणखी वाढेल, कारण टनामागे प्रेसमडमधून शेणाच्या दुप्पट गॅस निघतो. पण प्रेसमड हंगामापुरतेच असते. बारमाही भरवसा गोठ्याचाच.

गोबरगॅस आम्हाला नवा नाही. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाल्यापासून अनेक घरांमागे टाक्या बांधल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक आज बंद आहेत. कुठे घुमटाला तडा गेला, कुठे जनावरे कमी झाली आणि दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. अनुदान बांधकामाला मिळाले, टाकी चालवायला मिळाले नाही. तीच चूक पुन्हा होऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

गाडीसाठीचा गॅस चुलीच्या गॅसपेक्षा वेगळा असतो. टाकीतून निघणाऱ्या गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्केच असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. हा सल्फाइड इंजिन खातो, आणि टाकीत उतरलेल्या माणसाचा जीवही घेतो. भारतीय मानक आयएस १६०८७ नुसार वाहनाच्या गॅसमध्ये किमान ९० टक्के मिथेन हवा. त्यानंतर तो २०० बारहून अधिक दाबाने सिलिंडरमध्ये भरावा लागतो. पाण्याने धुऊन गॅस शुद्ध करण्याची पद्धत आयआयटी दिल्लीने विकसित केली आहे आणि बायो-सीएनजीवर गाडी चालवण्यास केंद्राने २०१५ मध्येच नियमांत जागा करून दिली आहे. म्हणजे तंत्र आहे, कायदाही आहे. अडते ते शुद्धीकरण आणि दाबयंत्राच्या खर्चापाशी. एवढे भांडवल चार गावांना एकट्याने उभे करता येत नाही.

केंद्राच्या बायो-सीएनजीसाठीच्या ‘सतत’ योजनेत २०१८ मध्ये ५,००० प्रकल्पांचे लक्ष्य जाहीर झाले. प्रत्यक्षात उभे राहिलेले प्रकल्प त्याच्या जवळपासही नाहीत. गॅस कंपन्यांना २०२५-२६ पासून एक टक्का आणि २०२८-२९ पर्यंत पाच टक्के बायोगॅस मिसळण्याचे बंधन आहे, त्यामुळे मोठे प्रकल्प येतील. ते यावेत. पण आमचे शेण स्वस्तात उचलून गॅस शहराच्या पाइपात आणि खत पोत्यांतून परजिल्ह्यात गेले, तर डोंगरातल्या गावाच्या हाती काय उरणार?

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : राधानगरी-भुदरगडमध्ये दूध संकलनाच्या एका मार्गावर वरील क्षमतेचा सामायिक प्रकल्प जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून उभारावा. त्याची मालकी दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडे असावी आणि गॅस आधी दुधाच्या गाड्यांना, मग एसटी व शेतमालाच्या वाहनांना आणि उरल्यास कंपनीला, हा क्रम करारातच लिहावा. यंत्रांच्या देखभालीचा दहा वर्षांचा करार आणि गळतीची नियमित तपासणी याही अटी त्यात असाव्यात. आमच्यासाठी या अटी प्रकल्पाइतक्याच मोलाच्या आहेत.

दुसरी मागणी स्लरीची, म्हणजे गॅस काढून उरलेल्या शेणाच्या खताची. गॅस होताना शेणातला काही कार्बन जातो, नत्र स्लरीत राहतो. ज्याने शेण दिले त्याला त्या प्रमाणात स्लरी विनामूल्य परत मिळावी. अशा खताच्या विक्रीला केंद्राने २०२३ मध्ये टनामागे १,५०० रुपये साहाय्य जाहीर केले. त्या मोहाने सगळे खत बाहेर विकले गेले, तर आमची जमीन उपाशी राहील.

तिसरी मागणी : शेणाचे पैसे दर दहा दिवसांच्या दूधबिलासोबत, पण घरातील महिलेच्या खात्यावर जमा व्हावेत. पहाटे गोठा झाडून पाटी डोक्यावर घेते ती तीच. शेणाला पैसे देणे शक्य आहे. गुजरातमधील बनासकांठा जिल्ह्याचा दूध संघ शेतकऱ्यांकडून किलोला एक रुपया देऊन शेण घेतो आणि त्याचा गॅस गाड्यांना पुरवतो. दूध संघांचे जाळे आपल्या जिल्ह्यातही तितकेच जुने आणि मजबूत आहे.

सिलिंडर भरण्याचा परवाना देणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. तेथील अधिकारी, महाऊर्जा, परिवहन विभाग आणि पशुसंवर्धन विभाग यांची एकत्र बैठक आपण बोलवावी, म्हणजे शेतकऱ्याला चार दारे झिजवावी लागणार नाहीत. तसेच स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात ‘गोबरधन’ या शेण-कचऱ्यापासून बायोगॅस करण्याच्या योजनेसाठी जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. त्यातून काय उभे राहिले आणि त्यातले आज काय चालू आहे, याची गावनिहाय माहिती जाहीर करावी.

जागेसाठी ग्रामसभांचे ठराव करून देण्यास आणि दररोज शेण पुरवण्याचे लेखी करार करण्यास आम्ही तयार आहोत. या निवेदनावर ३० दिवसांत बैठक बोलावून आमच्या प्रतिनिधींना, त्यांत निम्म्या महिला असाव्यात, म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
राधानगरी व भुदरगड तालुक्यांतील दूध उत्पादक, बचत गटांच्या सदस्या व दूध वाहतूकदार

प्रत माहितीसाठी :
महासंचालक, महाऊर्जा, पुणे
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर