सामायिक फोल्डर आणि त्याचे कारभारी

अविभक्त कुटुंबाला तीन गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात: चूल, देव आणि कागदपत्रें. पहिल्या दोहोंविषयीं घरोघरीं पुष्कळ विचार झालेला आहे. तिसरीविषयीं मात्र अजून झालेला आम्हांस दिसत नाहीं. पूर्वीं हीं कागदपत्रें माजघरांतील पेटींत असत आणि किल्ली वडील माणसाच्या जानव्याला. आतां आमच्या मेहकर-चिखलीसारख्या गांवींहि एकेका घरांत दोन-तीन संगणक असतात, व वायफायचा राउटर त्या सर्वांना एका सूत्रांत ओंवतो. एका संगणकावरील फोल्डर इतरांस खुला केला, कीं तोच घराची पेटी होतो. सातबाऱ्याचे उतारे, जन्मपत्रिका, विम्याचे कागद, मुलांच्या गुणपत्रिका, मोडी दप्तराचीं छायाचित्रें, सर्व तेथें. सोय मोठी खरी. पण सोयीबरोबर व्यवस्था न आल्यास घोटाळा ठरलेलाच.

या व्यवस्थेचें तत्त्व आमच्या धर्मशास्त्राच्या परंपरेंतच सांपडतें. विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयानें मिताक्षरा लिहिली. तींत वडिलार्जित व स्वार्जित असे द्रव्याचे भेद केलेले आहेत. आणि वडिलार्जितावर अनेकांचा हक्क असला, तरी अविभक्त घराचा कारभार कर्त्यानें पाहावा अशी रीत चालत आली. म्हणजे हक्क असणें निराळें आणि हातीं कारभार असणें निराळें. फोल्डराचेंहि असेंच आहे. वाचण्याचा अधिकार व बदलण्याचा अधिकार या दोन गोष्टी संगणक वेगळ्या मानतो. घरांतील माणसें मात्र त्या एकच समजून चालतात.

तेव्हां फोल्डराचे तीन भाग करावे. पहिला कागदपत्रांचा: तो सर्वांनीं वाचावा, परंतु त्यांत भर किंवा बदल करण्याचा अधिकार दोघांनाच असावा. दुसरा देवघेवीचा: लग्नाचे फोटो, निमंत्रणाचा मसुदा, किराण्याची यादी येथें कोणींहि ठेवावी व काढावी. तिसरा ज्याचा त्याचा. सूनबाईंच्या नोकरीचे कागद सासऱ्यांनीं पाहण्याचें कारण नाहीं. यासाठीं प्रत्येकाचें नांव व पासवर्ड स्वतंत्र हवा. एकाच नांवानें सारें घर आंत शिरत असेल, तर कोणीं काय केलें हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. विंडोजमध्यें परवानगी दोनदां तपासली जाते: एक फोल्डर जाळ्यावर खुला करतांना ठरविलेली, दुसरी फोल्डराच्या व फाईलीच्या सुरक्षेंत ठरविलेली. दोहोंपैकीं जी अधिक कडक, ती लागू होते. ‘परवानगी देऊनहि उघडत नाहीं’ या तक्रारीचें मूळ बहुधा येथेंच असतें.

कोणी म्हणेल, घरच्याच माणसांवर एवढा अविश्वास कशाला? हा अविश्वास नव्हे. दुसऱ्या संगणकावरील सामायिक फोल्डरांतून पुसलेली फाईल विंडोजच्या नेहमींच्या मांडणींत रिसायकल बिनमध्यें जात नाहीं. ती नाहींशीच होते. नातवाच्या एका बोटानें पणजोबांचें दप्तर जाऊं शकतें. शिवाय खंडणी मागणारे विषाणु आहेतच. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाचा विषाणु विंडोजच्या याच फाईल-वांटणीच्या जुन्या पद्धतींतील दोषांतून शिरून दीडशें देशांत पसरला व इंग्लंडांतील अनेक रुग्णालयांचें काम त्यानें खोळंबविलें. मायक्रोसॉफ्टनें दुरुस्ती मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं ती बसविली नव्हती, ते सांपडले. असा विषाणु एका संगणकांत शिरला, कीं त्या संगणकास जेथें लिहिण्याची मुभा आहे, तेथील फाईलीहि तो कुलूपबंद करूं शकतो. म्हणून दुरुस्त्या वेळेवर बसवाव्या, राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, आणि महिन्यांतून एकदां सर्व कागदांची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून ती डिस्क कपाटांत ठेवावी. संगणकास सदैव जोडून ठेवलेल्या प्रतीचा भरंवसा धरूं नये.

आतां मुख्य मुद्दा. चिखलीकडील आमच्या परिचयाच्या एका घरीं सारा कारभार वडील बंधूंच्या हातीं होता. ते अकस्मात् वारले आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. वारसाची नोंद करावयाची, विम्याचा दावा करावयाचा. पण कोणती पॉलिसी कोठें आहे, हेंच वहिनींना ठाऊक नव्हतें. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून सरकारी संकेतस्थळावर मिळूं लागला आहे, तो मिळाला. बाकीचे कागद एका कारागिरानें हार्डडिस्क काढून, तीन आठवडे खटपट करून बाहेर काढले. त्या डिस्कवर सांकेतिक कुलूप असतें, तर तेंहि साधलें नसतें. चाळीस वर्षें घर सांभाळलेल्या स्त्रीस त्या घराचा एक कागद उघडतां येऊं नये, यापरता दैवदुर्विलास कोणता?

महाराष्ट्रानें १९९४ सालीं लेकींना वडिलार्जित मिळकतींत जन्मतः हक्क दिला. तेव्हां आधींच विवाह झालेल्या लेकी वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें तोहि भेद मिटविला. कायद्यानें दिलेलें पासवर्डानें हिरावून घेऊं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. वर जे दोन कारभारी सांगितले, त्यांतील एक घरांतील स्त्रीच असावी. सासरीं गेलेल्या लेकीसहि कागद पाहावयास मिळावे. मात्र त्यासाठीं घरचें जाळें इंटरनेटवर उघडें टाकूं नये, तिला प्रत द्यावी. आणि मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटांत बंद करून, दोन्ही कारभाऱ्यांस ठाऊक असेल अशा जागीं ठेवावा.

येत्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं एकत्र बसून एवढें ठरविलें, तर तें तासा-दोन तासांचें काम आहे.