तूट वाटून घेणाऱ्या फळ्या

सोलापूर जिल्ह्याचा समुद्राशी संबंध काय, असे कोणी विचारले तर उत्तर एका नावात देता येते : शेठ वालचंद हिराचंद. ‘जैन बोधक’चे संस्थापक शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या या पुत्राचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साथीने त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली आणि तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे विशाखापट्टणमच्या त्यांच्या गोदीत बांधलेले ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. नातेपुत्याहून नीरा ओलांडली की वालचंदनगर येते. तेथला साखर कारखाना पंचक्रोशीला ठाऊक आहे. जहाजांची आठवण मात्र आपल्या घरांतूनही पुसट झाली आहे.

म्हणूनच नातेपुत्याच्या पेठेतील एका भुसार व्यापाऱ्याच्या माळ्यावर सध्या एक लाकडी गलबत आकार घेत आहे, याचे कौतुक वाटते. बारावी झालेल्या नातवाला जहाजबांधणीचे शिक्षण घ्यावयाचे आहे. त्यासाठी कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात जावयाचे त्याच्या मनात आहे. वडिलांना तो दुकानात हवा आहे. तीन पिढ्यांची गिऱ्हाइकी, वर एकुलता एक मुलगा. त्यांची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. त्यांनी एक अट घातली : “हे आणलेले खेळणे आधी पुरे करून दाखव. मग कोचीचे बोलू.”

नमुन्याचे गलबत बांधणे वाटते तितके पोरखेळाचे काम नाही. प्रथम प्लायवूडचा तळकणा, ज्याला दर्यावर्दी लोक ‘पठाण’ म्हणतात, तो उभा करावयाचा. त्यावर आडव्या फासळ्या काटकोनात बसवावयाच्या. फासळ्यांच्या कडा कानशीने अशा उतरवावयाच्या की त्यांवर टेकवलेली पट्टी प्रत्येकीला पुरती चिकटून जाईल. मग फळ्या. पाच मिलिमीटर रुंदीच्या या लवचीक पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून, ऊब देऊन वाकवतात आणि डाव्या-उजव्या अंगाला आळीपाळीने लावतात. एकच बाजू आधी भरून काढली तर ओढ एकाच अंगाला बसून कणा पिळवटतो. एवढे सारे मुलाने नीट केले. चूक झाली ती हिशेबात.

गलबताचे पोट मध्यभागी फुगलेले आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळते असते. त्याच्या नमुन्यात मधल्या फासळीचा एका बाजूचा घेर १०० मिलिमीटर भरला. म्हणजे फळ्या वीस. नाळेपाशी मात्र जागा ६० मिलिमीटरच. त्याने पूर्ण रुंदीच्या फळ्या एकाखाली एक लावण्यास प्रारंभ केला. त्या वळणावर नीट बसेनात, कडा उचलू लागल्या. तरी टाचण्या ठोकून त्याने त्या दामटल्या. बारावी ओळ झाली आणि नाळ संपूर्ण भरली. मध्यभागी अजून ४० मिलिमीटर उघडे, आठ फळ्या बाकी, आणि त्यांना पुढे टेकावयास तसूभर जागा नाही.

आजोबांनी नावेचे शास्त्र कधी वाचलेले नव्हते. पन्नास वर्षे भागीदारीच्या वह्या मात्र लिहिल्या होत्या. चष्मा पुसून ते म्हणाले, “अरे, वीस भागीदार आहेत ना? तूट चाळीसची. बाराजणांनी एक पैसा सोसला नाही आणि सगळी तूट शेवटच्या आठांच्या माथी मारलीस. अशी पेढी टिकते का?”

उत्तर त्यातच होते. साठाला विसाने भागले की तीन येतात. प्रत्येक फळीने पुढच्या टोकाशी दोन मिलिमीटर सोडावयाचे, पहिलीनेही आणि विसावीनेही. फळी मध्ये पाच, टोकाला तीन, आणि उतार एकसारखा. जाणकार असेही सांगतात की टोक निम्म्याहून अरुंद करू नये. तशी वेळ आली तर दोन ओळींची पुढे एकच ओळ करावी. मागच्या टोकाला काही गलबतांत याच्या उलट घडते. तेथे जागा उरते आणि पाचरीसारखा जादा तुकडा घालावा लागतो.

पण लावलेल्या फळ्यांचे काय? वरून लुकण भरून, घासून रंग दिला असता तर बघणाऱ्याला कळलेही नसते, आणि अटही कदाचित पुरी झाली असती. मुलाने त्या काढावयाचे ठरवले. स्पिरिट आणि ओले फडके यांनी डिंक मऊ करीत एकेक पट्टी सोडवणे हे फार संथ काम असते. निम्म्या पट्ट्या तुटल्या. नव्या मागवाव्या लागल्या. डिंकावरून आजींनी शंका काढली होती, ती रास्त होती. जुन्या सुतारकामातला सरस जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होत असे. १९५९ मध्ये आलेल्या फेव्हिकॉलसारख्या कृत्रिम पांढऱ्या डिंकाने ती अडचण दूर केली. फळीत फट राहिली की पाणी आत येणारच, हे मात्र आजींनीच सुनावले. आस्रव म्हणजे छिद्रातून येणारे पाणी, संवर म्हणजे ते छिद्र बुजवणे, निर्जरा म्हणजे साचलेले पाणी उपसणे, हा नावेचा दृष्टान्त स्वाध्यायात त्यांनी असंख्य वेळा ऐकलेला आहे.

‘खेळणे’ या वडिलांच्या शब्दावर आजोबांनी निराळे उत्तर दिले. नौदलाचे ‘कौंडिण्य’ हे शिवलेले शिडाचे जहाज अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील नौकेवरून बांधले गेले. नकाशे कोठलेच हाती नव्हते. म्हणून मद्रासच्या आयआयटीत आधी नमुन्यावर पाण्यातील चाचण्या झाल्या. मग गोव्यात, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या चमूने फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. सांधे राळेने बुजवले. सप्टेंबर २०२३ मध्ये कणा बसला, मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. शिवणकामाच्या परंपरेत क्रमही उलटा असतो : आधी फळ्यांचे कवच, फासळ्या मागाहून. तेथे फळीला आधार तिच्या शेजारच्या फळीचाच. हे वाचून मुलगा दोन दिवस स्वतःच्या नमुन्याकडे काहीसा नाराजीने पाहत होता, असे घरचे सांगतात.

आता दोन्ही बाजूंच्या सतरा ओळी झाल्या आहेत. प्रत्येक फासळीवर पेन्सिलीने वीस खुणा आधी आखलेल्या असल्याने ओळ चुकत नाही. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. मात्र कोचीला वसतिगृहाजवळ सूर्यास्तापूर्वी जैन भोजनाची सोय कोठे होते, याची चौकशी त्यांनी दुकानातून फोनवर सुरू केली आहे.