करपट आणि खरपूस

आपल्या राज्यात १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अजून शाबूत आहे आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा असं तो सांगतो. माझ्याकडे परवाना आहे. बँकेतला माणूस; कागदपत्रं पुरी असल्याशिवाय मला तहानसुद्धा लागत नाही. मालवणात रात्री चारचौघं बसली की परवाना असलेला मी एकटाच असतो आणि सगळ्यांत कमी पिणाराही मीच. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण आता मी जे भांडण उकरून काढणार आहे ते दारूशी नाही. माझं भांडण आहे दारूला मार्क देणाऱ्यांशी.

त्याचं असं झालं. मे महिन्यात आमचे भाचेबुवा पुण्याहून आले. पूर्वी हे बाळ आलं की आंब्याच्या आढीत तोंड खुपसायचं. आता पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या निघाल्या. थोड्या परदेशी, थोड्या आपल्या देशातल्या, पण सगळ्या एकाच जातीच्या. म्हणाले, "मामा, ही स्टाऊट."

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्टाऊट म्हणजे काळी बिअर. काळी म्हणजे किती, तर आमच्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याने बाजूला सरून जागा द्यावी इतकी. उजेडासमोर धरली तर कडेला माणकासारखी लाल दिसते खरी, पण मालवणात संध्याकाळी वीज असेल तर. वर बदामी फेस. हा काळेपणा येतो भाजलेल्या धान्यातून. बिअर ज्या जवाची करतात, त्यातलाच थोडा हिस्सा कॉफीच्या बियांसारखा काळाकुट्ट होईपर्यंत भाजतात आणि बाकीच्या फिक्या मालात मिसळतात. शंभरात दहा भागसुद्धा पुरतात. यातला इतिहास मला वाणिज्य पदवीधर म्हणून फार आवडला. इंग्लंडात पूर्वी काळी बिअर तपकिरी भाजलेल्या मालाची करायचे. पुढे मोजणी करण्याचं यंत्र आलं आणि लक्षात आलं की फिक्या मालातून साखर जास्त निघते, म्हणजे पैसे वाचतात. पण मग रंग कुठून आणायचा? जळक्या साखरेने रंग द्यायला १८१६ मध्ये कायद्याने बंदी आली. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या गृहस्थाने कॉफी भाजण्याच्या यंत्रासारख्या फिरत्या पिंपात माल काळा भाजण्याचं पेटंट घेतलं. थोडक्यात, ही काळी बिअर हिशेबी माणसांनी जगवली. तेव्हापासून मला तिच्याबद्दल आपुलकी वाटू लागली आहे.

पण आपुलकी वाटेपर्यंत भाचेबुवांनी धीर धरला नाही. मी सवयीने बर्फ आणायला उठलो तर मला हाताला धरून बसवलं. "मामा, स्टाऊट गारढोण प्यायची नसते. जीभ बधिर होते, चव मरते." हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणणं मान्य करण्यात मी कधी कसूर करत नाही. काळी म्हणजे कडक असते, हा माझा समजही त्यांनी खोडला. डब्लिनची जगप्रसिद्ध गिनेस शेकडा सव्वाचारच्या आसपास असते आणि आपल्याकडची पिवळीधमक 'स्ट्राँग' आठपर्यंत जाते. रंगावरून माणूस ओळखू नये म्हणतात, ते बिअरलाही लागू आहे.

इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी खिशातून कागद काढला.

छापील मार्कपत्रिका! अमेरिकेत १९८५ पासून बिअरच्या परीक्षकांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी एक संस्था आहे, तिची ही पद्धत. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण मताला १०. मी मनातल्या मनात बेरीज करून पाहिली. ५० जुळले. स्टाऊटचे पोटप्रकारच सात-आठ आहेत आणि त्यांत 'ट्रॉपिकल' म्हणून उष्ण देशांतला एक गोडसर, कडक प्रकारही आहे. म्हणजे आमच्या उकाड्याचीही सोय त्यांनी केलेली आहे.

भाचेबुवांनी ग्लास फिरवला, नाक खुपसलं, डोळे मिटले आणि परदेशी बाटलीबद्दल बोलू लागले. "डार्क चॉकलेट... एस्प्रेसो... लिकरिश... मोलॅसिस... आणि शेवटी किंचित ब्लॅककरंट." गुण ४१. मग देशी बाटली. "जरा अॅक्रिड. फिनिश हार्श आहे." गुण २९.

मी एकवीस वर्षं काउंटरवर आहे. चेक आला की मी आधी रक्कम बघत नाही, सही बघतो. सही बघायची म्हणजे काय करायचं? नमुना सही काढायची आणि शेजारी धरायची. नमुनाच नसेल तर सही कितीही वळणदार असो, चेक पास होत नाही. चवीचंही तसंच आहे. "याला अमक्याची चव आहे" असं म्हणणं म्हणजे सही जुळवणं. तेव्हा मी विचारलं, "ब्लॅककरंट तू कुठे खाल्लंस?"

"आइस्क्रीम, मामा."

म्हणजे नमुना कार्डावर फळाची सही नाही, आइस्क्रीमच्या कपाची आहे! आणि त्या भरवशावर ५० पैकी ४१ चा चेक पास.

"बरं, लिकरिश म्हणजे काय?"

"एक परदेशी मूळ असतं. गोडसर, औषधी."

अरे, तो ज्येष्ठमध! लहानपणी खोकला झाला की आजीने तुझ्या तोंडात कोंबलेला. आणि मोलॅसिस ही काकवीची चुलत बहीण. ती काकवी तू वाटीत बोट घालून चाटलीस. नमुना तुझ्याकडे होता, पण तू तो दुसऱ्या शाखेत शोधत बसलास.

माझा मुद्दा एवढाच आहे. मार्कपत्रिकेला माझा विरोध नाही. बँकेतही छापील फॉर्म असतातच. नाहीतर गिऱ्हाईक काय काय लिहून देईल त्याचा नेम नाही. भाचेबुवा म्हणतात की डब्लिनच्या आणि पुण्याच्या परीक्षकाला एकमेकांचं कळायला समान शब्द हवेत. कबूल. पण फॉर्म समान असला तरी आतला मजकूर ज्याचा त्याने भरायचा असतो. शेजाऱ्याची जन्मतारीख स्वतःच्या फॉर्मवर लिहून चालत नाही.

आणि आमच्याकडे शब्दांचा काय दुष्काळ आहे? पाणचट, मिळमिळीत, गुळचट, आंबूस, तुरट, कडसर, उग्र, धुरकट, खवट, कुबट, ओशट. आणि या काळ्या बिअरचं अख्खं भवितव्य ज्या दोन शब्दांमध्ये लोंबकळत असतं ते दोन शब्द: खरपूस आणि करपट. भाजणं जिथे थांबायला हवं तिथे थांबलं तर खरपूस. चार क्षण पुढे गेलं तर करपट. चांगली स्टाऊट खरपूस असते, वाईट करपट. बाकी सगळं टिपण.

मी हे जोरात बोलत असताना आई आतून बाहेर आली. तिने हवेत नाक वर केलं आणि विचारलं, "कोणाचां खोबरां करपलां रे?"

देशी बाटली उघडी होती.

भाचेबुवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. 'अॅक्रिड' आणि 'हार्श' मिळून जे म्हणायचं होतं ते आजीने दारातून, ग्लासाला हात न लावता, एका क्रियापदात म्हटलं होतं.

तेव्हा मी परीक्षकाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. फ्रान्समध्ये बोर्दोच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनचवीचा लाल रंग घालून दिला होता, तर त्यांनी ती लाल वाइनच्या शब्दांत वाखाणली. हा अभ्यास २००१ साली छापून आला. डोळा जिभेला असा फसवतो. तेव्हा पहिली अट, डोळे बंद. दुसरी अट इंग्लंडातली. तिथे एक बाई म्हणाल्या, कपात दूध आधी घातलं की चहा, हे मी चवीवरून सांगते. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या आपल्या पुस्तकात त्यावर आठ कपांचा प्रयोग मांडला. चार असे, चार तसे, क्रम बेवारशी. आठांतून चार निवडायच्या ७० रीती होतात. म्हणजे नुसत्या नशिबाने सगळे बरोबर यायची शक्यता सत्तरांत एक.

हिने आठ स्टीलचे पेले मांडले. चारांत परदेशी, चारांत देशी. बुडाला चिठ्ठ्या. भाचेबुवा डोळ्यांवर रुमाल बांधून बसले. प्रत्येक पेल्याला घोट, आवाज, विचार. निकाल: आठांतले सहा बरोबर. मग मी बसलो, कारण टीकाकाराने मैदानात उतरलं पाहिजे. निकाल: चार बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तर पेले तरी विसळावे लागले नसते.

मग मी आईला म्हटलं, तू नुसता वास घे.

"शी! माका कित्याक?" मग थोड्या वेळाने, "नुसतो वास घेतल्यान काय जातलां?"

आईने आठ पेल्यांवरून नाक फिरवलं. "ह्यां खरपूस. ह्यां करपलां. ह्यां पण करपलां." दोन मिनिटांत वाटणी करून ती कढी बघायला आत गेली. निकाल: सहा बरोबर. प्रमाणपत्राच्या वाटेवर असलेल्या नातवाइतके, एक थेंब न पिता.

भाचेबुवा हार मानेनात. "मामा, आठ पेले म्हणजे सँपल फार लहान. यातून काही सिद्ध होत नाही."

हे त्यांचं दुसरं बरोबर म्हणणं. सहा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ७० पैकी १७, म्हणजे साधारण चारांतल्या एकाला ते आंधळेपणीही जमावं. तेव्हा आई थोर किंवा भाचा थोर, असं काही सिद्ध झालं नाही. पण "सँपल लहान" हे वाक्य त्यांनी ज्या पेयासमोर म्हटलं त्याची मला गंमत वाटली. संख्याशास्त्राच्या पुस्तकात 'स्टुडंट्स टी' नावाचं एक प्रकरण असायचं. परीक्षेला येणार नाही अशी पक्की खबर असल्यामुळे मी ते सोडलं. हा 'स्टुडंट' म्हणजे विल्यम गॉसेट, १८९९ पासून डब्लिनच्या गिनेसमध्ये नोकरीला. जव चांगला की वाईट हे चारसहा नमुन्यांवरून ठरवायचं, तर त्या निवाड्यावर भरवसा किती ठेवावा, हे त्याने गणिताने काढलं. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून १९०८ साली त्याने ते 'स्टुडंट' या नावाने छापलं. जगातल्या सगळ्या लहान सँपलांची काळजी एका स्टाऊटच्या कारखान्याने वाहिली. जो माणूस निवाड्यात सगळ्यांत पक्का होता त्याने स्वतःला विद्यार्थी म्हणवून घेतलं, आणि आमच्याकडे तिसऱ्या बाटलीलाच परीक्षक होतात.

हे मी मोठ्या दिमाखात सांगितलं. भाचा हसला. म्हणाला, "मामा, एक विचारू? आजीच्या वाटपाला तुम्ही ५० पैकी किती दिलेत आजवर?"

आता वाटप म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. सुकं खोबरं आणि कांदा, दोन्ही वेगवेगळे भाजून वाटायचे. कोंबडीला, मटणाला, काळ्या वाटाण्याला तेच. खोबरं हवं त्या रंगाच्या जरा आधीच उतरवावं लागतं, कारण गरम लोखंड आपलं काम पुढे चालूच ठेवतं. कारखान्यात याच भीतीने काळा भाजलेला जव पाणी मारून थांबवतात. आईकडे पिंप नाही, पेटंट नाही. एक कढई, एक उलथनं आणि नाक. मला आठवतंय तेव्हापासून, रविवार न रविवार, चाळीस वर्षं. हे काही लहान सँपल नव्हे.

मी काही बोललो नाही. रात्री जेवताना काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. मी पहिला घास घेतला, जरा थांबलो आणि घसा खाकरून म्हटलं, "आई, वाटप खरपूस झालंय हां."

आईने वाढता हात थांबवला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. मला बरं वाटत नसावं, असा तिचा समज झाला असावा.

"अगो, खरंच सांगतो. नेहमीच असतं."

"मग कधी सांगलंस नाय तो?" तिने माझ्या पानात आणखी एक पळी वाढली. "करपलां तेव्हां मात्र बरोबर सांगतंस."

भाचेबुवांनी मार्कपत्रिका खिशात घातली आणि मान खाली घालून जेवू लागले. मीही.