दिलेला शब्द कोणी पाळायचा?

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात आज पैशाला पूर आला आहे. या पुरात विद्यापीठांनी दिलेला शब्दच वाहून जावा, ही गोष्ट आम्हांस अत्यंत खेदाची वाटते. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीस मान्यता दिली आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडूंत पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटण्याची मुभा मिळाली. घामाला दाम मिळावा, यात गैर काहीच नाही. परंतु त्याच तडजोडीने संघांच्या संख्येवर मर्यादा घातली. अमेरिकन फुटबॉलपुरती ती १०५ ठरली. ही मर्यादा येणार असे दिसताच, निकालाची वाटही न पाहता, अनेक विद्यापीठांनी जलतरण, धावणे यांसारख्या खेळांतील मुलामुलींना देऊ केलेल्या जागा व शिष्यवृत्त्या काढून घेतल्या.

या मुलांचा अपराध कोणता? त्यांनी एका विद्यापीठाचा शब्द प्रमाण मानला आणि इतरांना नकार कळवला, एवढाच! शब्द फिरला तेव्हा इतरत्र दारे बंद होत आली होती. तोंडी वचन कायद्याने कोणालाच बांधत नाही, हा बचाव अक्षरशः खरा आहे; परंतु कायद्याची पळवाट म्हणजे नीती नव्हे. १९६४ पासून चालत आलेले ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ २०२४ मध्ये रद्द झाले व त्याची जागा अर्थसाहाय्याच्या लेखी कराराने घेतली. त्या करारावर सही होईपर्यंत मात्र मूल वाऱ्यावरच असते.

मुलेही शब्द मोडतात, असे विद्यापीठे म्हणतात. तेही खरे आहे. ऐनवेळी संघ बदलणारे खेळाडू आहेत आणि कितीदा विद्यापीठ बदलावे यावर २०२४ पासून बंधनही उरलेले नाही. पण तराजूची दोन्ही पारडी समान नाहीत. एक खेळाडू गेला तर विद्यापीठाला दुसरा मिळतो. हुकलेले वर्ष मुलाला पुन्हा मिळत नाही.

न्यायाधीश विल्केन यांनी एप्रिल २०२५ मध्ये याच प्रश्नावर तडजोड अडवून धरली, याबद्दल त्या अभिनंदनास पात्र आहेत. त्यामुळे जागा गमावलेल्या मुलांना संख्येच्या मर्यादेतून सूट मिळाली. मात्र त्यांना परत घेणे विद्यापीठांच्या मर्जीवर राहिले. दार उघडले, पण आत घेण्याची सक्ती नाही. असा न्याय अर्धाच म्हटला पाहिजे.

आमचे मत स्पष्ट आहे. प्रत्येक देकार लेखी असावा. मुलाने तो स्वीकारल्यावर विद्यापीठाने माघार घेतली, तर संघात जागा नसली तरी निदान पहिल्या वर्षाचे शुल्क त्या विद्यापीठाने भरावे. खोटी माहिती देणाऱ्यास वा अभ्यासात प्रवेशाच्या अटी न पाळणाऱ्यास यातून खुशाल वगळावे. परंतु तरुणांना सचोटी शिकवण्यासाठी ज्या संस्था उभ्या आहेत, त्यांनी पहिलाच धडा स्वतःच्या वचनभंगाने द्यावा, हे कोणत्याही विद्यापीठाला शोभणारे नाही.