आधी आठ दिवस माझ्याकडे

दीप अमावस्येला आषाढ संपतो. त्या दिवशी आई अजूनही घरातल्या समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडते, कणकेचे दिवे उकडते. त्याच अमावस्येला लोकांनी दुसरं एक नाव दिलंय, गटारी. आमच्या घरात ते नाव कुणी तोंडावाटे काढत नाही. अण्णा नोकरीत होते तोवर वर्षातल्या कुठल्याही आठवड्यात रजा घ्यायचे, पण श्रावणाचा पहिला आठवडा त्यांनी कधी घरी काढला नाही.

अण्णा, माझे वडील, ब्रदर होते. दवाखान्यात पुरुष नर्सला म्हणतात तसे. आधी सरकारी रुग्णालयात आणि नंतर एकोणीस वर्षं सोलापुरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात. साठी ओलांडलेले गिरणी कामगारही त्यांना ब्रदरच म्हणायचे आणि अण्णांना ती हाक मनापासून आवडायची.

श्रावणाची त्यांना धास्ती होती. रोज क्वार्टर-दोन क्वार्टर पिणारा माणूस अमावस्येला पोटभर पितो आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा म्हणून एकदम बंद करतो. घरच्यांना वाटतं, देवच पावला. पण वर्षानुवर्षं दारूच्या गुंगीत काम करायची मेंदूला सवय लागलेली असते. गुंगीवर मात करून जागं राहण्यासाठी तो सतत जोर लावत असतो. दारू अचानक थांबली की तो जोर मोकाट सुटतो. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास सुरू होतात, माणसाला वेळ-काळ कळेनासा होतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. सगळ्यांचं असं होत नाही. पण ज्याचं होतं त्याला वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर तो दगावू शकतो.

माझे काका असेच गेले. मी तेव्हा दुसरीत होते. काकांनी श्रावणाच्या पहिल्या दिवशी आजीच्या पायावर हात ठेवून दारू सोडली. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवरून मुंगळे उतरताना दिसायला लागले. गावानं ठरवलं, बाहेरचं काहीतरी लागलंय. लिंबू उतरवलं, अंगारा लावला. पहाटे फिट आली, लागोपाठ दुसरी आली. अण्णा इकडे ड्यूटीवर होते. निरोप मिळून ते एसटीनं पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. काका चौतीस वर्षांचे होते. ‘पिण्यानं नाही गेला, सोडण्यानं गेला. आणि मी ब्रदर असून त्याला एका शब्दानं सावध केलं नव्हतं,’ हे अण्णा आयुष्यात एकदाच बोलले, तेही आईजवळ. पुढच्याच वर्षी त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि केंद्रात निम्म्या पगारावर रुजू झाले.

शाळेला सुट्टी असली की आई माझ्याकडे त्यांचा डबा द्यायची. तिथं पाहिलेली एक गोष्ट अजून डोळ्यांपुढे आहे. नव्यानं आलेल्या माणसांना सकाळचा चहा अण्णा स्वतः द्यायचे, तोही स्टीलच्या पेल्यात आणि अर्धाच. तो पिऊन झाला की पुन्हा अर्धा. मला वाटायचं, चहा पुरत नसेल. मग एकदा एका दांडग्या माणसाला तो पेला दोन्ही हातांनी धरताना पाहिलं. पेला दातांवर खडखडत होता, तरी अर्धाच असल्यामुळे चहा सांडला नाही. त्याची बायको समोर बसली होती. तिच्यापुढे त्याच्या शर्टावर डाग पडला नाही, एवढंच अण्णांना हवं होतं.

रात्रपाळीत डिटॉक्सच्या खोलीतला दिवा ते विझवू देत नसत. अंधारात भास वाढतात. कुणी चादरीवरचे किडे वेचायला लागला तर ‘किडे नाहीत’ म्हणून वाद घालायचे नाहीत. जवळ स्टूल ओढून बसायचे, त्याचं नाव घ्यायचे, आज वार कोणता, आपण कुठं आहोत, हे शांतपणे सांगायचे. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. सलाइन लावायच्या वेळी ‘आधी बी-वन, मग ग्लुकोज’ हे नव्या सिस्टरना इतक्या वेळा बजावायचे, की ते वाक्य मला पाढ्यासारखं पाठ झालं होतं. दारूनं शरीरातलं हे जीवनसत्त्व बहुतेकदा कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पंढरीची माळ घालून दारू सोडणारी माणसं आमच्या भागात पुष्कळ. अण्णा स्वतः माळकरी नव्हते, पण त्यांनी माळेला कधी नावं ठेवली नाहीत. म्हणायचे, ‘माळ जरूर घाल. पण आधी आठ दिवस माझ्याकडे राहा.’ काहीजण राहायचे आणि आठव्या दिवशी तिथूनच माळ घालून जायचे.

त्यांना राग यायचा तो भिंतींवरच्या जाहिरातींचा. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.’ बायका, आया पदराच्या गाठीतून पुडी काढून त्यांना दाखवायच्या. त्यात काय असेल ते कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. डेन्मार्कमध्ये दोन संशोधक ते जंतांवर उपयोगी पडेल का हे पाहत होते. स्वतः घेऊन पाहिलं आणि त्यावर दारू प्यायल्यावर त्रास झाला, तेव्हा त्याचा हा परिणाम त्यांच्या ध्यानात आला. १९४८ साली हे जगापुढे आलं. त्या गोळीवर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनंच द्यायची असते. भाजीत कालवून नव्हे. अण्णा ती पुडी कचऱ्यात टाकायचे आणि त्या बाईला म्हणायचे, ‘ताई, त्याला फसवून नको, त्याला घेऊन या.’

एकदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी केंद्रात राहून गेलेला एक माणूस झिंगत आमच्या दारात आला. ‘ब्रदर, घ्या की मला परत आत.’ ही त्याची चौथी खेप होती. अण्णांनी त्याला पायरीवर बसवलं, पाणी दिलं, लुनावर मागं बसवलं आणि नेलं. पूजा आईनं एकटीनं केली. रात्री ते परतले तेव्हा मी रागानं विचारलं, ‘तो परत पिणारच आहे, मग कशाला?’ अण्णा हातपाय धुऊन आले, शेजारी बसले. म्हणाले, ‘बाळ, मागच्या खेपेनंतर तो आठ महिने राहिला होता. त्या आठ महिन्यांत त्याच्या पोरीनं दहावी केली. घरात रात्री दिवा लावून अभ्यास केला. ते महिने वाया गेले म्हणतेस तू?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज मला वाटतं, त्यांचं सगळं काम त्या एका प्रश्नात होतं. घसरलेल्या माणसाची मोजदाद आपण घसरण्यापासून करतो. अण्णा तो जितके दिवस उभा राहिला तितके मोजायचे. म्हणून त्यांना कुणी चौथ्यांदा आल्याचं ओझं झालं नाही.

हे काम करणारी माणसं फार थोडी आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्रात या कामाला मान मिळाला. पण केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात दारूचं व्यसन जडलेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळाल्याचं दिसतं. बाकीचे सदतीस घरातच असतात आणि त्यांतले कितीतरी दर श्रावणात मनापासून सोडायचं ठरवतात. त्यांच्या मनापासूनच्या ठरवण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझ्या काकांनीही मनापासूनच सोडली होती.

अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. तेराव्याला त्या लुनावरून नेलेल्या माणसाची बायको आली होती. तो पुढे पुन्हा प्यायला लागला होता आणि लिव्हरच्या आजारानं गेला. आईचे हात धरून ती म्हणाली, ‘ब्रदरांमुळे आठ महिने संसार केला ओ मी.’

तुमच्या घरात कुणी रोज पीत असेल आणि यंदा श्रावणापासून बंद करतो म्हणाला, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा आणि दारू थांबवण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. किती वर्षं पितो, रोज किती, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का, हे न लाजता सांगा. घरी असताना हात जोरात थरथरू लागले, भास व्हायला लागले, फिट आली, तर उजाडायची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा. व्यसनावरच्या मदतीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, तिला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आज स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.