साहेबाचे जोडे

ग्वाल्हेरच्या मराठी घरात मुलाला पहिली नोकरी लागली की पेढ्यांबरोबर एक गोष्टही वाटली जाते. राणोजी शिंद्यांची. बाजीराव पेशवे शाहू महाराजांची भेट आटोपून बाहेर आले, तेव्हा त्यांचे जोडे सांभाळणारे राणोजी झोपी गेले होते. पण झोपेतही धन्याचे जोडे त्यांनी छातीशी घट्ट धरले होते. ते पाहून पेशव्यांनी त्यांना पागेत घेतले आणि शिंदे घराणे उदयाला आले. इथे सांगणारा थांबतो, नव्या नोकरदाराकडे पाहतो आणि म्हणतो, "समजलास ना? साहेबाशी असं वागायचं."

मला या गोष्टीचा राग आहे. राणोजींचा नव्हे, तिच्यातून काढलेल्या या बोधाचा. गोष्ट माल्कमने 1823 साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तान्तात आहे; ती किती खरी, हे इतिहासकारांनी पाहावे. पण कण्हेरखेडच्या पाटलांचे घराणे केवळ जोड्यांवर मोठे झाले असे म्हणायचे, तर माळव्यातल्या स्वाऱ्या कोणी केल्या?

आणि याच घराण्यातली जोड्यांची दुसरी गोष्ट मात्र घरात कोणी नीट सांगत नाही. 1792 साली महादजी पुण्याला आले. दिल्लीचा बादशहा त्यांच्या मुठीत, द बॉयनने तयार केलेल्या कवायती पलटणी पदरी. तरी दरबारात ते सगळ्या मानकऱ्यांच्या खाली बसले आणि बासनातून नवे जोडे काढून सवाई माधवरावांपुढे ठेवले. हेच आमचे वडिलोपार्जित काम, असे म्हणाले. पेशवे तेव्हा 18 वर्षांचे. नाना फडणविसांना या नम्रतेने आनंद झाला असेल असे मला वाटत नाही. जो नाही म्हणू शकतो त्याने जोडे उचलले तर ते राजकारण असते. ज्याची बढती, बदली आणि रजा समोरच्याच्या हातात आहे, त्याच्याकडून उचलून घेतले तर तिथे निष्ठा कसली शोधता?

हे सगळे ग्वाल्हेरहून लिहितो आहे, कारण हे गावच कचेऱ्यांचे. दौलतरावांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याखाली छावणी टाकली, तिचेच लष्कर शहर झाले, आणि फौजेमागोमाग कारकुनांची घरे आली. 1956 साली मध्यप्रदेश झाला तेव्हा राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला. आमच्या वाट्याला राजस्व मंडळ, आबकारी आयुक्त, परिवहन आयुक्त आणि महालेखाकार अशी कार्यालये आली. केंद्राची आणखी वेगळी. मी केंद्राच्या एका कार्यालयात 34 वर्षे काढली. कुठल्या, ते सांगत नाही. साहेब सगळीकडे एकाच मातीचे.

ओरडणाऱ्या साहेबाची मला कधी भीती वाटली नाही. तो ओरडतो, घसा बसतो, चहा मागवतो. खरा घातक तो कृपाळू साहेब. तो खांद्यावर हात ठेवतो. 50 वर्षांच्या माणसाला "अरे भाई, तुम तो घर के आदमी हो" म्हणतो आणि 26 वर्षांच्या ठेकेदाराला "आप बैठिए". आमच्या मराठी कानाला हा फरक उशिरा कळतो. आपले 'तुम्ही' आदराचे, म्हणून त्यांचे 'तुम'ही आदराचेच, असे समजून आमच्या कितीतरी भोळ्या मंडळींनी थेट कलेक्टरांना 'तुम' म्हटले आहे! त्यावर कचेरीभर हशा. पण साहेबाचे 'तुम' भोळे नसते. ते मोजून टाकलेले असते.

हा हिंदी-मराठीचा तंटा आहे असे मात्र कोणी समजू नये. मला भेटलेला सर्वांत वाईट कृपाळू साहेब पुण्याहून बदलून आलेला होता. आमचे मराठी ऐकून तो प्रेमाने हसायचा, लोकांसमोर आमची वाक्ये दुरुस्त करायचा, आणि मग म्हणायचा, "छान हो, इतक्या लांब राहून एवढं तरी टिकवलंत." असो.

लोक म्हणतात, स्वभाव असतो एकेकाचा, सोडून द्यावे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हा स्वभाव नाही, ही कामाची सोय आहे. 'घर के आदमी'ला लेखी आदेश द्यावा लागत नाही.

1996 च्या मार्चची गोष्ट. 31 तारखेला अनुदान बुडणार होते. एका पुरवठादाराचा माल यायचा होता. साहेबांनी बोलावले आणि बिलावर "माल मिळाला" असा शेरा मारायला सांगितले. खांद्यावर हात होताच. "तुम मराठे लोग डरते बहुत हो," असेही हसत म्हणाले. मी जागेवर परत आलो आणि नोटशीटवर दोन ओळी लिहिल्या: आज कक्षात मिळालेल्या मौखिक निर्देशानुसार माल येण्याआधी पावतीची नोंद करायची आहे, कृपया लेखी पुष्टी व्हावी. तासाभराने फाईल परत आली. वर दोन शब्द: "चर्चा करें". ज्याने सरकारी फाईल पाहिली आहे त्याला हे दोन शब्द ठाऊक आहेत. त्यांचा अर्थ, कागदावर मला गुंतवू नका. मी गेलो, चर्चा झाली, म्हणजे ते बोलले. परत येऊन खाली लिहिले, "चर्चा की गई. लिखित पुष्टि अपेक्षित है." शेरा मी मारला नाही. अनुदान परत गेले.

मी काही शौर्य केले नव्हते. केंद्रीय नागरी सेवेचे 1964 चे आचरण नियम काढून तिसरा नियम वाचावा. वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा. तोंडी द्यावाच लागला तर वरिष्ठाने लगेच लेखी पुष्टी करावी. कनिष्ठाने ती मागावी, आणि मागितल्यावर देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य. इतके स्वच्छ लिहिलेले असताना आम्ही कारकून मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दारामागे उभे राहून "बोललेत साहेब, करून टाकू" म्हणत आलो. चौकशी लागते तेव्हा साहेबांना काहीच आठवत नाही आणि सही मात्र आपली असते.

किंमत पडली, हे लपवत नाही. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात मला 'औसत' मिळाले. प्रतिकूल शेरा असता तर कळवावा लागला असता. 'औसत' कळवायची गरज नव्हती, आणि बढती अडवायला तेवढे पुरले. 2 वर्षे मागे पडलो, तेव्हा स्थापना शाखेतल्या मित्राकडून समजले. घरी बोलणी बसली ती वेगळीच. राणोजींचे नाव त्याही वेळी निघाले.

पुढे 2008 साली देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. तिथला वाद तर 'चांगला' या शेऱ्याचा होता! बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता, आणि 'चांगला' असल्याचे माणसाला माहीतच नव्हते. 2009 च्या मे महिन्यात केंद्राने आदेश काढला. अहवालाच्या नावातला 'गोपनीय' शब्द गेला, संपूर्ण अहवाल दाखवायचा आणि निवेदनाला 15 दिवस द्यायचे असे ठरले. माझ्या ओळखीचे निम्मे लोक अजून तो अहवाल न वाचता सही करतात. "साहेबांना वाईट वाटेल" म्हणून!

बेळगाव, निपाणी, भालकीकडचे वाचक म्हणतील, तुमचे बरे आहे, आमच्याकडे परिपत्रकच कानडीत येते आणि विचारले की साहेब हसतो. मान्य. पण म्हणूनच लेखी मागा, आणि त्याच्याच भाषेत, व्याकरण चोख ठेवून मागा. त्याला हसायला तोंडी चूक लागते. कागदावरची बिनचूक ओळ त्याला वाचावी लागते.

आणि आपल्याच लोकांना एक कडू गोष्ट विचारतो. साहेबाच्या 'तुम'ने ज्यांचे रक्त उकळते, ते आमचे बडे बाबू 58 वर्षांच्या शिपायाला कसे हाक मारतात? "ए, पाणी आण." तो शिपाई कोणत्या समाजाचा, हे पाहून सूर आणखी उतरतो. त्यालाही राणोजींची गोष्ट सांगायची का?

गेल्या महिन्यात नात्यातला एक मुलगा विचारायला आला होता. आता साहेब मोबाईलवर आदेश पाठवतात, रात्री 11 वाजता, आणि सकाळी तो पुसलेला असतो. मी म्हटले, ऑफिसात पोचताच आदेशाची वेळ आणि मजकूर लिहून फाईल वर पाठव. त्याने पाठवली. पुष्टी अजून आलेली नाही. साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला, "बेटा, जरा मिल लो" म्हणून. तो भेटायला गेला तेव्हा नोटशीट बरोबर घेऊन गेला.